पडायची जागा

रविवारची भक्ती साडेनऊला सुरू होते असं बाहेरच्या पाटीवर लिहिलेलं होतं, म्हणून ती सव्वादहाला सुरू झाली. शिरूरच्या नदीकडच्या आळीतलं ते पत्र्याच्या छपराचं छोटं चर्च. आत सतरंज्या, डावीकडे पुरुष, उजवीकडे बाया आणि समोर पेटी घेऊन बसलेला शांतवन. साल १९९८, मार्च महिना. पत्रा आत्ताच तापायला लागला होता.

शांतवनचा आवाज असा, की त्याने पहिली ओळ उचलली की रस्त्यावरचा भाजीवालासुद्धा हातगाडी थांबवायचा. मंडळीतल्या निम्म्या बायांना त्याच्या बायकोचा, ललिताचा, हेवा वाटे. “तुझं बरं हाय बाई,” त्या म्हणत, “घरबसल्या गानं.”

पहिलं गीत संपलं की पाळकसाहेब वही उघडून विचारीत, “प्रार्थनेचे विषय?” मग मंडळी आपापली दुखणी मांडी. मारुतरावांचा गुडघा दर रविवारी असे. पंच बापूसाहेबांची स्कूटर किकला दाद देत नव्हती. कुणाच्या मुलीची दहावी होती. पाळकसाहेब सगळं न हसता लिहून घेत, आणि स्कूटरसाठी प्रार्थना करताना त्यांचा आवाज गुडघ्याइतकाच गंभीर असे.

त्या रविवारी शितल साक्ष द्यायला उभी राहिली. तिचं पुण्याला पित्ताशयाचं ऑपरेशन झालं होतं. तिने पिशवीतून औषधाची रिकामी बाटली काढली. आत करवंदाएवढा काळपट खडा होता.

“ह्यो बघा. देवानं मला ह्याच्यातनं सोडवलं.”

बाटली हातोहात फिरली. मारुतरावांनी ती उजेडाकडे धरली आणि “केवढा हाय!” म्हणाले. आपल्या गुडघ्यातून असं काही काढून दाखवता येत नाही, ही खंत त्यांच्या स्वरात स्पष्ट होती.

बाटली ललिताकडे आली. तिचा डावा हात प्लास्टरमध्ये होता, म्हणून तिने ती उजव्या हातात घेतली आणि जरा जास्तच वेळ ठेवली. तिला त्या खड्याचा हेवा वाटत होता. शितलला महिनाभर घरोघरून सूप येत होतं, अंडी येत होती. बाया पाळीपाळीने तिची धुणीभांडी करत होत्या. शितलच्या दुखण्याला डॉक्टरने दिलेलं नाव होतं, पोटावर टाके होते, आणि आता बाटली होती. ललिताच्या दुखण्याला फक्त एक पायरी होती.

“ललिताबाई, हात कसा आहे?” पाळकसाहेबांनी विचारलं.

“बरा हाय. पायरीवरनं पडले.”

“मागच्या खेपेलाही तुम्ही...”

“व्हय. तीच पायरी.”

पाळकसाहेबांनी वहीत ‘पायरी’ असं लिहिलं. शांतवनने पेटीच्या काळ्या पट्टीवर बसलेली धूळ रुमालाने हळुवार पुसली.

शांतवनचं एसटी स्टँडसमोर घड्याळ दुरुस्तीचं दुकान होतं. काचेची एक पेटी, डोळ्याला लावायचं भिंग आणि एक स्टूल. दिवसभर तो गावाची घड्याळं लावायचा आणि घरी आला की बायको लावायचा. सार्वजनिक नळावर जायला चार मिनिटं, यायला पाच; भरल्या हंड्याचं एक मिनिट त्याने उदारपणे मंजूर केलं होतं. किराण्याला अकरा मिनिटं. दुकानात गिऱ्हाईक नसलं की तो उठून घरी एक फेरी मारी आणि दारातूनच मनगटाकडे बघे.

त्याला दूधवाल्याचा संशय यायचा. पेपरवाल्याचा यायचा, घरी पेपर येत नसतानाही. विजेचं मीटर वाचायला येणारा माणूस दोन महिन्यांतून एकदा यायचा. मधले साठ दिवस तो कुठे असतो, याचा शांतवन फार विचार करी. पण हे सगळे निदान डोळ्यांना दिसणारे पुरुष होते. एका संध्याकाळी ललिता भिंतीशी डोळे मिटून बसली होती, तेव्हा तो दारात बराच वेळ उभा राहिला.

“एवढा वेळ कुनाशी बोलत हुतीस?”

“प्रभूशी.”

“काय म्हनत हुतीस?”

“काय न्हाई. घरादाराला सुखी ठेव म्हनलं.”

“मग हसलीस का?”

ललिताने खरोखर आठवून पाहिलं. हसल्याचं तिला काही आठवेना.

“हितनं पुढं मोठ्यानं करायची प्रार्थना,” शांतवन म्हणाला. “मला ऐकाय आली पायजे.”

मग ती मोठ्याने करू लागली. आठवड्याने डोळे उघडे ठेवून करायची, असा दुसरा नियम निघाला. शांतवनच्या घरी रोज मोठ्याने कौटुंबिक प्रार्थना होते ही बातमी आळीत पसरली, आणि पाळकसाहेबांनी उपदेशात दोनदा त्या घराचं उदाहरण दिलं.

हात मोडला तो मीटरवाल्यामुळे. त्याने पाणी मागितलं आणि तिने दिलं. ती तांब्या परत घेत असताना शांतवन जेवायला आला. एवढंच.

त्या दिवशी सासू पुतळाबाईंनी तिच्या हाताला हळदीचा लेप लावला. लावता लावता त्या धंद्यातली खुबी सांगावी तशा म्हणाल्या, “माझ्या येळी उखळ हुतं. उखळावर आपटले म्हनायचं. लोकं मग पुढं इचारत न्हाईत.”

“आन् आजेसासूबाई?”

“त्या हिरीच्या काठावर पडायच्या.”

बुधवारी बायांची सभा भरे. सगळ्याच काही पडत नसत. पण ज्या पडत, त्यांच्या जागा ठरलेल्या होत्या. पूनम मोरीत पडायची. एक बाई खाटेच्या पायाला अडखळायची, एक गच्चीच्या शिडीवरून यायची. एकीची जागा दुसरी घेत नसे. एकाच आठवड्यात दोघी मोरीत पडल्या तर लोकांना शंका येईल, एवढी अक्कल सगळ्यांना होती. कुणी हे शिकवलं नव्हतं आणि कुणी ते कधी बोललंही नव्हतं. ज्या बायका मीठसुद्धा उसनं मागत, त्या जागा मात्र कधी मागत नसत.

नाताळानंतर ललिता एकदा दौंडला माहेरी गेली होती. भाऊ रेल्वेत होता, क्वार्टरमध्ये राहायचा. त्याने तिला चार दिवस ठेवून घेतलं, पाचव्या दिवशी परतीच्या एसटीत जागा धरून दिली आणि “संसार म्हंजी हे चालायचंच, ताई” असं खिडकीतून सांगितलं. आई मालनबाई शेंगदाण्याच्या चटणीचा डबा तिच्या पिशवीत घालत होती. तिच्या कपाळावर भुवईपासून केसांपर्यंत जुनी खूण होती. ती गोठ्याच्या दाराची, असं ललिता लहानपणापासून ऐकत आली होती.

“पायरी जपून उतरत जा गं,” मालनबाई म्हणाली, आणि लेकीच्या डोळ्यांत न बघता डब्याचं झाकण पुन्हा घट्ट लावलं.

गाडी न्हावऱ्याच्या पुढे आल्यावर ललिताच्या लक्षात आलं. तिचा बापही रेल्वेतच होता. तिचा जन्म क्वार्टरमधला. क्वार्टरला गोठा नसतो.

मार्चअखेरीस पंच बापूसाहेब भक्तीत उभे राहिले. त्यांची स्कूटर त्या आठवड्यात चालू झाली होती, त्यामुळे त्यांच्यात उत्साह होता.

“आपली एक बहीन तिसऱ्यांदा पडली, आन् आपन नुस्ती प्रार्थना करतो? विश्वासाला कामाची जोड नको का? शनवारी समद्यांनी यायचं. ती पायरीच नीट करू.”

मंडळी हेलावली. शनिवारी सात पुरुष जमले. सिमेंट बापूसाहेबांनी दिलं, वाळू घोडनदीची आली. शांतवनने शर्ट काढून स्वतः माल कालवला आणि कालवता कालवता असं गीत म्हटलं, की दोघांनी डोळे पुसले. पायरी सहा इंचांनी रुंद झाली. पाय घसरू नये म्हणून वर आडव्या रेघा मारल्या, बाजूला धरायला लोखंडी पाइप बसवला. पाळकसाहेबांनी ओल्या सिमेंटला बोट लागणार नाही अशा बेताने हात पुढे करून तिच्यावर प्रार्थना केली.

पुढचे आठ दिवस ललिता तिला सकाळ-संध्याकाळ पाणी घालत होती. येणारा-जाणारा थांबे.

“काय म्हनती पायरी?”

“बरी हाय.”

“तडा-बिडा?”

“न्हाई.”

“जपा बरं का तिला.”

तिच्या हाताचं प्लास्टर तेव्हा अजून निघालेलं नव्हतं. त्याबद्दल कुणी विचारलं नाही. पाणी घालताना ललिताच्या मनात येई की सिमेंटला तडा गेला असता, तर आतापर्यंत सगळी आळी धावत आली असती.

तिची खरी काळजी वेगळी होती. ती तिने सासूला सांगितली. “आत्याबाई, आता मी पडू कुठं?”

पुतळाबाईंनी तांदूळ निवडायचे थांबवून मनापासून विचार केला.

“मोरी?”

“मोरी पूनमची हाय.”

“मंग...” पुतळाबाईंनी घरभर नजर फिरवली. दोन खोल्यांचं घर. पडण्यासारखं खरोखर काही नव्हतं. त्यांनी पुन्हा सूप पुढे ओढलं. “पडूच नको म्हंजी झालं,” त्या म्हणाल्या, आणि आपण काय बोललो हे ऐकून निवडलेलेच तांदूळ पुन्हा निवडू लागल्या.

मे महिन्यात एका गुरुवारी ललिता शितलकडे गेली. किराण्याच्या अकरा मिनिटांतून पाच वाचवून ती जात असे. त्या दिवशी वीस मिनिटं बसली. शितलने चहा दिला. बशी पुढे सरकवताना तिची नजर ललिताच्या गळ्याकडे गेली आणि तिथून घाईने भिंतीवरच्या कॅलेंडरकडे. तिला दोन वर्षांपासून ठाऊक होतं. म्हणून ती ललिताला नेहमी चहा द्यायची.

“आनखी एक बिस्कूट घे ताई,” शितल म्हणाली.

ललिता घरी पोहोचली तेव्हा शांतवन पाइपाला धरून नव्या पायरीवर उभा होता.

रविवारी ललिताची भुवई फुटलेली होती आणि श्वास घेताना ती उजव्या बरगडीवर हात धरत होती. पायरी आता मंडळीची झाली होती. तिचं नाव घेणं म्हणजे बापूसाहेबांच्या सिमेंटचा अपमान. म्हणून शांतवननेच उठून माइक हातात घेतला. चर्चला ईस्टरच्या आधी नवा भोंगा बसवला होता आणि पंच कमिटीला त्याचा अभिमान होता. भोंग्यामुळे सगळ्या आळीला प्रार्थनेचे विषय घरबसल्या कळत.

“भावांनो, बहिणींनो, ललितासाठी प्रार्थना करा. मागल्या बाजूच्या माऊलीच्या म्हशीनं तिला धडक दिली. गुरुवारी. संध्याकाळी सहा वाजून दहा मिनटांनी.”

मंडळी हळहळली. पाळकसाहेबांनी ‘म्हैस’ असं लिहिलं. “मी बोलतो माऊलीशी,” बापूसाहेब म्हणाले. “असली जनावरं मोकळी सोडत्यात म्हंजी काय!”

त्यांना बोलायला जावं लागलं नाही. गीताचं पहिलं कडवं चालू असतानाच, चपला हातात घेतलेला एक धिप्पाड माणूस चर्चच्या दारात येऊन उभा राहिला. डोक्याला लाल मुंडासं. हाच माऊली. त्याच्या बापजाद्यांनी मेंढरं राखली; तो स्वतः गावात स्थिरावला होता आणि दुभती जनावरं पाळायचा.

“पाळकसाहेब, माफी करा, मधीच बोलतो. माझ्या म्हशीचं नाव कुनी घेतलं?”

“माऊली, राग धरू नका. आम्ही फक्त प्रार्थना...”

“प्रार्थना करा न्हाईतर आनिक काय करा. पर ती म्हस म्या माघी पुनवंला चाकनच्या बाजारात इकली. तीन म्हयनं झालं. घेनाऱ्याच्या कानावर गेलं तर म्हनंल, मारकी म्हस गळ्यात घातली. कवा मारलं म्हनता?”

“गुरुवारी,” बापूसाहेब म्हणाले. “सहा धाला.”

“मंग चाकनवरनं चालत आली व्हय, धडक माराय? का येष्टीनं आली?”

मागे कुणीतरी हसलं. माऊली हसला नाही.

“तिच्यासारखी गरीब म्हस ह्या पंचक्रोशीत न्हवती. माझी म्हातारी काठी टेकत जायाची तिच्याजवळ, तर ती अंग चोरून उभी ऱ्हायाची. ती हितं न्हाई म्हनून तिच्यावर काय पन आळ घ्याचा? तिच्या बाजूनं बोलाय म्या हाय अजून.”

ललिता बसल्या जागेवरून माऊलीकडे बघत होती. तिला मत्सर वाटत होता, शुद्ध मत्सर, आणि तो तिला चांगला ओळखता आला. चाकणला विकलेल्या, तीन महिन्यांपूर्वी गेलेल्या एका म्हशीसाठी एक माणूस चपला हातात घेऊन भरल्या देवळात उभा राहिला होता. ती स्वतः तर इथेच होती. पहिल्या रांगेत.

ती उठली. बरगडीमुळे तिला दोन दमांत उठावं लागलं.

“माऊलीभाऊ, तुमच्या म्हशीनं काय केलं न्हाई. पायरीनंबी कदी काय केलं न्हाई.” तिने पेटीकडे हात केला. “ह्यांनी मारलं. दर वेळी ह्यांनीच मारलं.”

मग ती पाळकसाहेबांकडे वळली.

“पाळकसाहेब, ईस्टरला तुमीच सांगितलं. प्रभू मेल्यातनं उठला, समदं नवं झालं, पर हातातल्या जखमा त्यानं तशाच ठेवल्या. मित्रांम्होरं हात धरला आन् म्हनला, बघा. मी लई इचार केला त्याच्यावर. त्याला बुजवता आल्या असत्या. त्यो पायरीवरनं पडलो म्हनला न्हाई.”

“बाई, बाई,” बापूसाहेब दोन्ही हात वर करून उठले, “ही घरातली बाब. आपन कमिटीत घेऊ. बसा तुमी.”

आणि शांतवनने पेटीचा भाता ओढला. त्याने मंडळीचं सगळ्यात आवडतं गीत उचललं, कधी नव्हे इतकं गोड. सवय वाईट असते. पहिल्या ओळीला पंधरा-वीस तोंडं आपोआप उघडली. भोंग्यातून सूर आळीभर गेले. ललिता उभीच होती, आणि तिच्याभोवती माणसं गाऊ लागली होती.

दुसऱ्या ओळीला पुतळाबाई उठल्या. त्या हळूहळू चालत पुढे गेल्या आणि त्यांनी आपला सुरकुतलेला हात पेटीच्या भात्यावर दाबून धरला. पेटी कण्हून बंद पडली.

“शांतू,” त्या म्हणाल्या, “पुरं.”

माइक चालूच होता, त्यामुळे हेही आळीने ऐकलं.

पाळकसाहेबांच्या कपाळावर घाम आला होता. ते वाईट माणूस नव्हते. त्यांच्याकडे एकच औषध होतं आणि ते त्यांनी काढलं. “आपण ललिताबाईंच्या आरोग्यासाठी प्रार्थनेत डोकी लववू या...”

“नको,” ललिता म्हणाली.

चर्चमध्ये प्रार्थनेला नको म्हटलेलं कुणी कधी ऐकलं नव्हतं. मारुतराव गुडघा विसरून उभे राहिले.

“आधी दवाखान्यात चला. मंग पोलीस ठान्यात. प्रार्थना वाटंत करू, साहेब. चालता चालता केल्याली पन पोचती. मी आता त्या घरी परत जानार न्हाई, आन् दौंडला बी न्हाई.”

तिने सतरंजीवरचा पदर सावरला आणि दाराकडे निघाली. शितल उठली. पूनम उठली. पुतळाबाई पेटीवर हात तसाच ठेवून उभ्या राहिल्या. मुलाकडे बघत, जणू भाता सोडला तर पुन्हा सगळं सुरू होईल. पाळकसाहेबांनी वही मिटली, उघडली, पुन्हा मिटली आणि चपला शोधू लागले. बाकीची मंडळी, आपण आता बसायचं की उभं राहायचं हे कुणीतरी सांगेल म्हणून, अर्धवट उठलेल्या अवस्थेत राहिली.

माऊलीही बरोबर निघाला. म्हशीचं निर्दोषपण सरकारी कागदावर आल्याशिवाय तो घरी जाणार नव्हता.

दवाखान्यात दोन बरगड्यांना चीर निघाली. तिथली चिठ्ठी घेऊन पाचही जण ठाण्यात पोहोचले, तेव्हा दुपारचे दोन वाजत आले होते. हवालदाराने खुर्ची दिली, कागद ओढला.

“कुणी मारलं?”

“नवऱ्यानं.”

“नाव?”

ललिताने सवयीने शितलकडे पाहिलं. बाईने नवऱ्याचं नाव घ्यायचं नसतं. असल्या वेळी शेजारची बाई सांगते. शितलने तोंड उघडलंही. तेवढ्यात ललिताने तिच्या हातावर हात ठेवला.

“शांतवन दानिएल साळवे,” ती म्हणाली.

लग्नाच्या नऊ वर्षांत, उखाणा सोडला, तर हे नाव तिने उच्चारलं नव्हतं. ते इतकं साधं निघालं याचंच तिला नवल वाटलं.

“कधीपासून मारतो?”

“नऊ वर्सं.”

हवालदाराने पेन थांबवलं. “नऊ? आणि कुणाला पत्ता नाही? आळीत राहता ना? देवळात जाता?”

वरचा पंखा बंद होता. माऊली, म्हशीचा मुद्दा काढायला आलेला माऊली, भिंतीकडे बघू लागला; त्याचं घर मागच्याच बाजूला होतं आणि भिंती पातळ होत्या.

“साहेब,” शितल म्हणाली, “माझं नाव लिवा. मला दोन वर्सं ठावं हाय. मी तिला चहा पाजला फक्त.”

“मलाबी ठावं हाय,” पूनम खाली मान घालून म्हणाली. थोडं थांबून ती म्हणाली, “आन् माझं बी एक लिवायचं हाय. पर तिचं झाल्यावर.”

हवालदाराने दुसरा कागद घेतला, त्याखाली कार्बन सरळ केला आणि पाळकसाहेबांकडे पाहिलं.

“तुम्हाला कधीपासून माहीत होतं?”